आम्ही बांधली म्हणे!

चुंबक घेऊन येणाऱ्या माणसांचा देवयानी टिपणीसला मनस्वी तिटकारा होता.

त्या शनिवारी सकाळी असाच एक जण आला. सिडनीच्या क्वेकर्स हिल भागातल्या तिच्या घरासमोर त्याने यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, लावली, ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या गाडीकडे तो सरळ चालत गेला, आणि गुड मॉर्निंग म्हणण्याआधी खिशातून फ्रिजवर लावायचं चुंबक काढून त्याने गाडीच्या दाराला टेकवलं. चुंबक अर्थातच खाली पडलं. तो हसला, "फेक" म्हणाला, चुंबक उचललं आणि चालता झाला.

आता मला सांगा, गाडी विकायच्या जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात "फायबरग्लास बॉडी" लिहिलं होतं की नाही? होतं! दुसऱ्या ओळीत "मूळ गाडीची प्रतिकृती, आतलं सगळं आधुनिक" असंही लिहिलं होतं. मग चुंबक कशाला? दुकानावर "शुद्ध शाकाहारी" पाटी वाचून आत शिरायचं आणि मटण नाही म्हणून हसत बाहेर पडायचं, त्यातला प्रकार. देवयानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो गेला होता, आणि तिचा नवरा चारुदत्त व्हरांड्यात उभा राहून त्याला हात हलवून "नो वरीज, मेट" म्हणत होता. त्यामुळे ती आणखीच चिडली.

गाडी होती हॉट रॉड. म्हणजे नव्वद-एक वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गाडीचं रूप घ्यायचं, तिचे मडगार्ड काढून टाकायचे, आणि नाकात दांडगं इंजिन बसवायचं. ह्या देशात असल्या गाड्यांचं वेड असलेली माणसं पुष्कळ आहेत. जुने पत्र्याचे सांगाडे आता मिळत नाहीत, मिळाले तर गंजलेले आणि सोन्याच्या भावाने. म्हणून साच्यात फायबरग्लासची बॉडी काढतात. देवयानीची गाडी पिकलेल्या जांभळाच्या रंगाची, दोन माणसांची. वरून आजोबांच्या काळातली. आत मात्र होल्डन ह्या इथल्या कंपनीचं दणकट व्ही-एट इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग आणि चक्क एसी. सिडनीच्या जानेवारीत एसी नसलेली गाडी अस्सल म्हणून मिरवायची असेल त्याने खुशाल मिरवावी.

आणि ही गाडी बांधली होती देवयानीने. एकटीने. हे वाक्य मी इथे इतकं स्वच्छ लिहितो आहे, कारण ते तिच्या घरात, तिच्या मराठी मंडळात आणि तिच्या हॉट रॉडवाल्यांच्या क्लबात कुणीही कधी इतकं स्वच्छ म्हटलं नव्हतं.

मूळची ती ठाण्याची. मुंबईत डेंटल मेकॅनिकचा कोर्स केला, लग्न झालं, आणि चारुदत्तला इथे विमा कंपनीत नोकरी लागली म्हणून दोघं आली. ब्लॅकटाउनजवळच्या एका लॅबमध्ये तिने आयुष्यभर दात केले. कवळ्या, कॅप, ब्रिज. डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचा, ही त्यावर साचा करायची, राळ ओतायची, घासायची, रंग जुळवायची. म्हाताऱ्या माणसाचे दात पांढरेशुभ्र करायचे नसतात, थोडा चहाचा पिवळेपणा ठेवायचा असतो, नाहीतर ते हसले की लोक दातांकडे बघतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग तो दात डॉक्टर पेशंटच्या तोंडात बसवायचा, पेशंट आरशात बघून रडायचा आणि डॉक्टरचे हात धरायचा. लॅबमध्ये एक बाई बसलेली असते हे त्या पेशंटच्या गावीही नसायचं. इतकी वर्षं! एक फूल नाही, एक कार्ड नाही.

"नकली" हा शब्द तिला म्हणूनच झोंबायचा. कवळी घालून माणूस भाकरी खातो, नातवाचा पापा घेतो, भांडतो. त्यातलं नकली काय? मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला तिने एकदा गाडी नेली, तर मंडळातली चित्रलेखा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अय्या, म्हणजे डुप्लिकेट आहे का गं?" आणि तोंड भरून हसली. ज्या पुढच्या चार दातांनी ती हसली ते कुणाच्या हातचे होते हे देवयानीला पक्कं ठाऊक होतं. पण पेशंटची गोष्ट चारचौघांत बोलायची नसते. जिभेवर आलेलं तिने गिळलं. मी असतो तर गिळलं नसतं.

तर अशी ही बाई. दातांचं काम कमी झाल्यावर तिने क्लबातल्या एका म्हाताऱ्याकडून बॉडीचा साचा उसना आणला आणि गॅरेजमध्ये काम मांडलं. आधी जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर, मग काचेच्या तंतूंची चटई, मग राळ, मग रोलर फिरवून आतला हवेचा बुडबुडा न् बुडबुडा काढायचा. दातात बुडबुडा राहिला तर दात तुटतो, गाडीतही तेच. चासीचं वेल्डिंग तिने परवानेवाल्याकडून करून घेतलं, कारण कायदा तसा आहे. बाकी इंजिन बसवण्यापासून दाराच्या कडेच्या रबरापर्यंत सगळं तिने केलं. तपासणीच्या इंजिनिअरने गाडी उलटीपालटी करून पाहिली आणि एका फटक्यात पास केली.

आणि चारुदत्त? चारुदत्त चहा आणून द्यायचा. चहा चांगला करतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. मग स्टुलावर बसून ऑफिसातलं, मंडळातलं, जगातलं राजकारण सांगायचा. त्याच्या हाताचा एकच ठसा त्या गाडीवर कधी उमटला होता, तोही ओल्या जेलकोटवर टेकून उभा राहिला म्हणून. देवयानीने तो घासून काढला.

मग सगळ्यांना गाडी चारुदत्तची का वाटायची? इथे देवयानीचीही चूक होती, आणि ती चूक आपल्याच माणसांकडून होऊ शकते. आपल्याकडे "मी केलं" म्हणणं फुशारकी वाटते. घर घेतलं तरी "आम्ही घेतलं", लाडू केले तरी "आम्ही केले", मग ते लाडू वळताना नवरा झोपलेला का असेना. देवयानी लहानपणापासून "आम्ही" म्हणत आली. तेच "आम्ही" ती इंग्रजीत घेऊन गेली. क्लबात कुणी विचारलं की म्हणायची, "वी बिल्ट इट." मराठी माणसाला त्या "आम्ही"तला विनय कळतो. गोऱ्या माणसाला "वी" ऐकू आलं की तो शेजारच्या पुरुषाकडे वळतो. बरं, शेजारचा पुरुष गप्प बसणारा असता तर एक वेळ चाललं असतं. हा तर मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा निवेदक!

मेलबर्नला असलेली त्यांची मुलगी तनया फोनवर सारखी सांगायची, "आई, स्टॉप सेइंग वी. जस्ट से आय."

"अगं, बाबांना काय वाटेल?"

"व्हॉट अबाउट यू?"

ह्यावर देवयानी विषय बदलायची. जेवलीस का, एवढंच विचारायची.

आता दोघांना घर फार मोठं होत होतं, जिने नको वाटत होते, म्हणून दोघांनी ब्लॅकटाउन स्टेशनजवळ एक युनिट, म्हणजे इथल्या भाषेत फ्लॅट, घेतलं. युनिटला पार्किंग एकच. घरी गाड्या दोन: चारुदत्तची कॅमरी आणि ही. कुठली ठेवायची हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. कॅमरी म्हणजे "गाडी", आणि ही म्हणजे "छंद", असं ठरूनच गेलेलं. देवयानीही त्यावर काही बोलली नाही. जाहिरात टाकली. मनात एकच होतं: गाडी जाऊ दे, पण घेणाऱ्याला कळू दे की ती कुणी केली. एका माणसाला तरी.

चुंबकवाला गेल्यावर त्याच दुपारी ग्लेन आला. पेनरिथकडचा, बिल्डर, साठीचा. हा मात्र जाणकार निघाला. चुंबक नाही, फेक नाही. दार उघडून दाराची बिजागरी बघितली, दोनदा लावलं-उघडलं, आणि दार नुसतं "टक" करून बसलं तेव्हा शीळ घातली. गुडघ्यावर बसून ब्रेकचे पाइप कसे वळवलेत ते बघितलं. बॉडीच्या आतून हात फिरवला. देवयानी फडकं हातात घेऊन गॅरेजच्या दाराशी उभी होती आणि तिला वाटलं, आला बाबा, एवढ्या वर्षांनी आरशामागचं बघणारा माणूस आला.

ग्लेन उठला, हात झटकले, आणि चारुदत्तकडे वळून म्हणाला, "ब्यूटिफुल वर्क, मेट. बॉडी कुणी केली?"

"वी डिड इट राइट हिअर," चारुदत्त म्हणाला. इथवर नेहमीचंच.

"नो बबल्स एनिव्हेअर. हाउ?"

आणि चारुदत्त टिपणीस, विमा कंपनीचा निवृत्त अधिकारी, ज्याला राळ आणि रंग ह्यातला फरक सांगता येत नाही, तो छाती पुढे काढून म्हणाला, "पेशन्स. आय लेड इट अप मायसेल्फ. लेअर बाय लेअर."

आय!

"आम्ही"चं "वी" झालं होतं ते देवयानीने सोसलं होतं. आता "वी"चं "आय" झालं, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच गॅरेजात. आणि पठ्ठ्या थांबला नाही. रोलर कसा फिरवायचा, थंडीत राळ लवकर का धरत नाही, सगळं सांगितलं. स्टुलावर बसून वर्षानुवर्षं ऐकलेलं तिचंच बोलणं, तिच्याच शब्दांत. दोन वेळा तर त्याने तिच्याकडे बघून मान डोलावली, जणू तिने साक्ष द्यावी!

ग्लेन भारावला. उद्या पैशाचं बघू म्हणाला, आणि मग खिशातून जाड मार्कर काढला. क्लबवाल्यांची एक पद्धत आहे, गाडी बांधणाऱ्याने डिकीच्या झाकणाच्या आतून सही करायची. गाडी कितीही हातांतून गेली तरी सही राहते. "विल यू डू द ऑनर्स?" म्हणत त्याने मार्कर चारुदत्तच्या हातात दिला.

चारुदत्तने टोपण काढलं.

"चारू," देवयानी मराठीत म्हणाली, आवाज अगदी बारीक, "टोपण लाव."

त्याने तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा बघून त्याला काहीतरी उमगलं असावं. "गाडी न्यायला याल तेव्हा करू," असं काहीतरी ग्लेनला सांगून त्याने मार्कर परत दिला. ग्लेन देवयानीला "नाइस टू मीट यू, लव्ह" म्हणून गेला. भेटला कधी होता तो तिला?

स्वयंपाकघरात जे झालं ते शेजाऱ्यांनी ऐकलं असणार.

"तू सही करणार होतास!"

"अगं, हातात दिला त्याने, मी काय करू? त्याच्या तोंडावर नाही म्हणू?"

"हो! म्हण! नाही हा शब्द इंग्रजीतही आहे!"

"देवयानी, एवढं काय त्यात? नवरा-बायकोत 'आम्ही' काय आणि 'मी' काय, एकच ना?"

"एकच? मग एवढी वर्षं लॅबमध्ये मी उभी होते तेव्हा पाय तुझे दुखले का? माझ्या फुप्फुसात धूळ गेली म्हणून रात्रभर तू खोकलास का? कामात मी एकटी, आणि सांगायच्या वेळेला एकच होय?"

चारुदत्त खुर्चीवर बसला. हा माणूस वाईट नाही. असता तर गोष्ट सोपी होती. टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे बघत तो म्हणाला, "लोक विचारतात, रिटायर झाल्यावर काय करता. मी काय सांगू? पॉलिसी विकल्या? गाडीचं सांगितलं की लोक ऐकतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं."

देवयानीला त्याची कीव आली. आणि कीव आली म्हणून ती आणखी संतापली, कारण ह्या किवेपोटीच तर तिने आजवर तोंडाला कुलूप लावलं होतं.

"मलाही बरं वाटलं असतं, चारू," ती म्हणाली. "एकदा. फोन लाव त्याला. स्पीकरवर. आणि खरं सांग."

त्याने आढेवेढे घेतले, पाणी प्यायला, चष्मा शोधला. शेवटी फोन लावला. ग्लेन खुशीत होता. चारुदत्त घसा खाकरून म्हणाला, "ग्लेन, एक सांगायचं राहिलं. ती गाडी माझ्या बायकोने बांधली आहे. बॉडी, इंजिन, सगळं. मी नाही."

मग ग्लेन हसला. थट्टा चालली आहे असं त्याला वाटलं. थट्टा नाही हे कळल्यावर हसू थांबलं.

"राइट," तो म्हणाला. "मग ब्रेकचं काम नंतर कुणाकडून तपासून घेतलंत का?"

"इंजिनिअरने पास केलंय. तुम्ही स्वतः बघितलंत."

"या, या. बघितलं. पण लुक, मेट... मी जरा विचार करतो. मेहुण्याशी बोलतो. कळवतो तुला."

फोन बंद झाला.

घ्या! दुपारी ज्या ब्रेकसमोर हा माणूस गुडघे टेकून बसला होता, तेच ब्रेक, तेच पाइप, तीच वळणं. संध्याकाळपर्यंत त्यांना काय झालं? पाइप वळवणाऱ्या हातात बांगडी होती, एवढंच ना? चुंबकवाल्याला निदान गाडी नकली वाटली होती. ह्या शहाण्याला गाडी अस्सल वाटली आणि बाई नकली वाटली.

देवयानी नवऱ्याकडे बघत होती. आता हा पेटेल असं तिला वाटलं. त्याच्या कपाळावर आठीही पडली. आणि मग तो म्हणाला, "बघितलंस? म्हणून सांगत होतो. मी गप्प बसलो असतो तर गाडी गेली असती."

ती उठली, किल्ल्यांच्या खुंटीकडे गेली, आणि कॅमरीची किल्ली आणून तिने त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"पार्किंग एकच आहे ना? मग ही विक."

"काय?"

"कॅमरी विक. माझी गाडी येईल युनिटमध्ये. एसी आहे, ऑटोमॅटिक आहे, पावसासाठी टप आहे. भाजी आणायला काय कमी आहे तिच्यात?"

"अगं, वेड लागलंय का? त्या असल्या गाडीतून डॉक्टरकडे जायचं? मंडळात जायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक विचारतील, कुणी बांधली. तू सांगशील. तुला लोकांशी बोलायला आवडतं ना? आता रोज बोल. माझं नाव लावून जात असेल तरच गाडी जाईल, नाहीतर ती इथेच राहील. मेली ती जाहिरात!"

आणि तिने त्याच्यासमोर फोनवरून जाहिरात काढून टाकली. तनयाला कळवलं तेव्हा तिकडून आधी किंकाळी आली आणि मग "आई, यू लेजंड!" चारुदत्तने चार दिवस तोंड फुगवलं. चहा मात्र करत राहिला. कॅमरी हॅरिस पार्कमध्ये राहणाऱ्या एका नर्सने घेतली. चुंबक न लावता.

युनिटमध्ये राहायला गेल्यावरच्या पहिल्या रविवारी दोघं किराणा आणायला हॅरिस पार्कच्या भारतीय बाजारात निघाली. देवयानी चालवत होती, चारुदत्त शेजारी अवघडून बसला होता, गाडी आवाज करायची तसा तो आक्रसायचा. दुकानासमोर गाडी उभी राहिली आणि पाहता पाहता गर्दी जमली. जिलेबीच्या रांगेतली माणसं रांग सोडून आली. फोन निघाले. एक तरुण जोडपं पुढे आलं. मराठी बोलणं ऐकून त्यातल्या मुलाचा चेहरा उजळला. तो चारुदत्तच्या बाजूने वाकला.

"काका, काय भारी गाडी आहे! तुम्ही बांधलीत?"

तुम्ही. म्हणजे एकटे काकाही, आणि काका-काकू मिळूनही. आपल्या भाषेने पळवाट अशी आयती उघडून ठेवली होती. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. "आम्ही बांधली" म्हटलं असतं तर त्या मुलाला त्यात विनयच दिसला असता. देवयानीने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. ती समोर बघत राहिली. मदत करायची नाही, डोळे वटारायचे नाहीत, असं तिने ठरवलं होतं. ह्या वेळी त्याचं त्यालाच म्हणू दे.

चारुदत्तने गर्दीकडे बघितलं. एवढे श्रोते त्याला मंडळातही कधी मिळाले नव्हते.

"आम्ही नाही," तो म्हणाला. "हिने. एकटीने. मला ह्यातलं काही येत नाही, काही विचारायचं असेल तर हिला विचारा."

माणसं गाडीला वळसा घालून देवयानीच्या खिडकीशी आली. त्या मुलाबरोबरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, तोही बॉनेटच्या आतल्या वायरिंगचा.

देवयानीने नवऱ्याचे आभार मानले नाहीत. खरं बोलल्याचे कसले आभार? ती खाली उतरली आणि तिने बॉनेट उघडलं.